चार टायर, चार सल्ले आणि भिशीचे पंधरा हजार

पत्र थोडक्यात: कराडजवळच्या एका शाळेत शिक्षिका असलेल्या ताईंचं पत्र आहे. घरात २०१८ ची स्विफ्ट, ४१ हजार किलोमीटर झालेली. दोन वर्षांपूर्वी यजमानांची नागपूरला बदली झाली. तोवर रविवारपुरती निघणारी गाडी आता ताई रोज शाळेला नेतात, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. माहेर चिपळूणचं, म्हणजे वर्षातून चार-सहा वेळा कुंभार्ली घाट. मागच्या महिन्यात पंक्चरवाला म्हणाला, "मॅडम, टायर संपलेत. पावसात काढू नका गाडी." तेव्हापासून चार जणांचे चार सल्ले सुरू आहेत. यजमानांच्या मित्राचं टायरचं दुकान आहे, त्यांनी गेल्या उन्हाळ्यात फोनवर 'सगळं मिळून २४ हजार' सांगितले होते. भाचा म्हणतो, मोबाइलवर ४,३०० ला एक मिळतोय. शेजारी म्हणतात, पुण्याहून सेकंडहँड आणू, १,५०० ला एक, '८० टक्के रबर'. यजमान म्हणतात, नक्षी दिसतेय अजून, पावसाळा निघेल, दिवाळीत बघू. दिवाळीत गाडीनं समृद्धीवरून नागपूरला जायचं आहे. ताईंकडे भिशीचे १५ हजार आहेत. त्या विचारतात: स्वस्तात स्वस्त काय पडेल? ह्यांच्या मित्राला सोडून दुसरीकडे गेले तर त्यांना वाईट वाटेल, आणि त्यांच्याकडे गेले तर भाव करायला जीभ रेटत नाही. शिवाय एकटी बाई बघितली की हे लोक फसवतातच, तर भाच्यालाच पाठवू का? पत्रासोबत पाच टायरचे पाच फोटो.

ताई,

पत्र वाचलं, पण आधी फोटोंविषयी बोलू या. ज्याला टायर घ्यायचे आहेत त्यानं दुकानात पाय ठेवण्याआधी आपल्या गाडीपाशी उकिडवं बसून टायर वाचायचा असतो, आणि ते काम तुम्ही नकळत केलंय. पाचही फोटोंत रबरावर एका लंबगोलात चार आकडे दिसतात. मागच्या दोन्ही टायरवर, पुढच्या उजव्यावर आणि स्टेपनीवर ३९१८. पुढच्या डाव्यावर ११२३. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे चार टायर २०१८ च्या ३९ व्या आठवड्यात, सप्टेंबरअखेरीला बनलेले, गाडीसोबत आलेले. डावा मात्र २०२३ च्या मार्चमधला. तो बहुधा खड्ड्यात कट बसल्यामुळे बदलला असणार. तुम्ही पत्रात ते लिहिलेलं नाही, यजमानांना विचारा, त्यांना आठवेल.

आता त्यांचा मुद्दा घेऊ, कारण तो अगदीच टाकाऊ नाही. नक्षी खरंच दिसते आहे. टायरच्या खोबणींच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोबणीची खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते, आणि मोटार वाहन नियमांप्रमाणे कारचा टायर तिथं संपतो. तुमचे मागचे टायर अजून त्याच्या वर आहेत. साधारण तीन मिलिमीटर असावेत, फोटोवरून एवढंच सांगता येतं. कोरड्या रस्त्यावर तीन पुरतात. पण जूनच्या शेवटी कोयनानगर सोडून कुंभार्ली घाटाकडे लागलं की रस्त्यावर जे पाणी वाहत असतं, ते बाजूला सारायला खोबणीच लागते. नव्या टायरमध्ये ती सात-आठ मिलिमीटर असते. पाणी बाहेर निघालं नाही की टायर रस्त्यावर न टेकता पाण्यावर तरंगतो, आणि तेवढा वेळ स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही नावाला उरतात.

वयाचं म्हणाल तर आठ वर्षं होत आली म्हणून टायर मेलाच असं मी म्हणणार नाही. बहुतेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असो, काढून टाका, असं सांगतात. पाच ते दहा या मधल्या काळात टायरची अवस्था बघून ठरवायचं. तुमच्या मागच्या डाव्या टायरचा फोटो मी मोठा करून पाहिला. रिमजवळ, बाजूच्या रबरावर, उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा बारीक भेगा आहेत, गोल फिरत गेलेल्या. रबर वाळलंय. गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी, चालणं कमी, हवा कमी-जास्त, अशा गाड्यांचं हेच होतं. त्यामुळे नक्षीबद्दल यजमानांचं बरोबर असलं, तरी त्यांचा निर्णय मला पटत नाही. समृद्धीवर तर नाहीच. ७०१ किलोमीटरचा तो काँक्रीटचा रस्ता, १२० ची मर्यादा, तासन् तास एकाच वेगात चाक फिरतं आणि टायर तापत राहतो. वाळलेला, हवा कमी असलेला टायर फुटायला याहून सोयीची जागा नाही. २०२३ मध्ये तिथं प्रवेशाच्या ठिकाणी परिवहन विभागानं टायर तपासून गोटा, म्हणजे नक्षी पार झिजलेल्या टायरच्या गाड्या मागं फिरवल्या होत्या. ते उगाच नव्हतं.

म्हणजे दिवाळीपर्यंत थांबायचं नाही. पावसाच्या आधी घ्यायचे.

आता मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट. पुढच्या उजव्या टायरचा फोटो तुम्ही समोरून काढलाय, चाक वळवून. बाहेरच्या बाजूला नक्षी आहे, मधे आहे, आणि आतली कड मात्र तळहातासारखी गुळगुळीत. हा टायर वयानं संपला नाही, रोज थोडा थोडा खरवडला गेला. चाकांची दिशा बिघडलेली असली, म्हणजे अलाइनमेंट गेलेलं असलं की असं होतं. चाक सरळ न फिरता किंचित तिरकं घासत चालतं. २०२३ मध्ये डाव्या चाकाला जो काही दणका बसला, तेव्हा टायर बदलला आणि अलाइनमेंट राहून गेलं, असा माझा अंदाज. डाव्या टायरच्या आतल्या कडेवरूनही बोट फिरवून बघा. बाहेरच्यापेक्षा गुळगुळीत लागली, तर अंदाज बरोबर. (आतली कड उभ्यानं दिसत नाही. म्हणूनच सगळ्यांच्या नजरेतून सुटते, पंक्चरवाल्याच्या तेवढी सुटली नाही.)

तुम्ही विचारलंत, 'स्वस्तात स्वस्त काय पडेल?' तुम्ही स्वस्त म्हणताय ते एका टायरच्या किमतीला. पण तुम्ही आता वर्षाला दहा-अकरा हजार किलोमीटर चालवणार. तुमचे नवे टायर वयानं जुने होणारच नाहीत, ते घासूनच संपतील. चार टायर २० हजारांना घेतले आणि ४० हजार किलोमीटर चालले, तर किलोमीटरला ५० पैसे पडले. तेच टायर बिघडलेल्या अलाइनमेंटवर टाकले आणि २० हजार किलोमीटरमध्येच कड गेली, तर रुपया पडला. पाच-सहाशे रुपयांच्या कामासाठी टायरचा खर्च दुप्पट. टायरमागे दोनशे रुपये कमी करून घ्यायला आपण अर्धा तास घासाघीस करतो आणि अलाइनमेंटला 'ते राहू दे, पुढच्या वेळी' म्हणतो. मी स्वतः म्हटलेलं आहे.

२४ हजारांत काय आहे?

हे तुम्ही लिहिलं नाहीत, कारण विचारलं नसणार. कुठल्या कंपनीचा, कुठल्या नमुन्याचा टायर? हवा भरायचे व्हॉल्व नवे धरलेत का? बॅलन्सिंग (चाक थरथरू नये म्हणून रिमला छोटी वजनं लावणं), अलाइनमेंट त्यात आहे का? जुने टायर ते ठेवून घेणार, त्याचे पैसे वजा केलेत का? हे कळल्याशिवाय २४ हजार महाग की रास्त, हे मलाही सांगता येणार नाही. आणि हा भाव गेल्या उन्हाळ्यातला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. २४ हजारांपैकी २२ हजार टायरचे धरले, तर नुसत्या करात सतराशेच्या आसपास कमी व्हायला हवेत. तेव्हा तो आकडा डोक्यातून काढा, आणि त्या मित्राला महागडा ठरवू नका. त्यांनी तेव्हाचा भाव सांगितला होता.

भाच्याच्या ४,३०० चंही असंच. तो नुसता टायरचा आकडा आहे. चार टायरचे १७,२०० झाले. मग बसवणं आणि बॅलन्सिंग, व्हॉल्व, अलाइनमेंट. गावोगावी दर वेगळे, पण सगळं धरून दोन हजार बाजूला ठेवा. १९ हजारांच्या पुढं गेलात. बाहेरून आणलेले टायर बसवून द्यायला काही दुकानदार तोंड वाकडं करतात, काही जास्तीचे पैसे लावतात. ऑनलाइन टायर घ्यायला माझा विरोध नाही. पुण्या-मुंबईत लोक सर्रास घेतात, टायर थेट बसवणाऱ्याच्या दुकानात येतो आणि काम होतं. कराडला तुमची अडचण दुसरी आहे: कुठल्या तारखेचा टायर येईल ते आधी कळत नाही, आणि उद्या त्याच्या बाजूच्या रबराला फुगा आला तर दाद मागायला कुणाकडे जायचं, हे ठरलेलं नसतं. त्या मोबाइलच्या भावाचा खरा उपयोग वेगळा आहे, तो खाली सांगते.

शेजाऱ्यांच्या सेकंडहँडबद्दल मात्र मी तटस्थ राहू शकत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या अल्टोला मी असेच दोन टायर घेतले होते, ८०० ला एक. चकचकीत काळे, नक्षी खोल. तिसऱ्या महिन्यात साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरायला लागलं. गाडी बाजूला घेतली तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. पंक्चरवाल्यानं टायर उतरवून आतून दाखवला: हाताच्या पंजाएवढं ठिगळ. आणि नक्षी? झिजलेल्या टायरमध्ये तापल्या हत्यारानं पुन्हा खोबण्या कोरलेल्या. म्हणजे जे रबर तारांना झाकायला राखलेलं असतं, तेच कापून नक्षी दाखवलेली. दुकानदार '८० टक्के रबर' म्हणतो तेव्हा कशाच्या ८० टक्के, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं.

एक अपवाद सांगते, नाहीतर अन्याय होईल. नवी गाडी घेतल्या-घेतल्या काही लोक रुंद टायर आणि अलॉय टाकतात आणि कंपनीचे टायर विकतात. चारही एका तारखेचे, शे-दोनशे किलोमीटर चाललेले. असा संच कुणी ओळखीत देत असेल, उतरवून आतून बघू देत असेल, आणि माप तुमचंच असेल, तर जरूर घ्या. पण तो १,५०० ला मिळत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न

म्हणजे यजमानांचे मित्र. पत्रात टायरपेक्षा त्यांच्याबद्दलच्या ओळी जास्त आहेत. तुम्ही धरून चाललाय की भाव विचारला म्हणजे अविश्वास दाखवला. व्यापाऱ्याला असं वाटत नसतं हो. दिवसभरात दहा जण त्यांना हेच विचारतात. त्यांना वाईट वाटेल ते न विचारता दुसरीकडे गेल्याचं. तेव्हा आधी त्यांच्याकडेच जा. फोनवर नको, समोर, आणि यजमानांमार्फत तर मुळीच नको. ते दोघं 'बघ रे जरा' आणि 'काळजी करू नको' एवढं बोलून फोन ठेवतील.

मी तुमच्या जागी असते तर असं म्हटलं असतं: "भाऊजी, टायर तुमच्याकडूनच घ्यायचेत. ह्यांना हिशोब दाखवायचाय, म्हणून एका कागदावर लिहून द्या. कंपनी, नमुना, माप १६५/८० आर १४, तारीख कुठल्या महिन्याची, आणि व्हॉल्व-बॅलन्सिंग-अलाइनमेंट धरून गाडी बाहेर पडेपर्यंत किती. भाच्यानं हाच टायर मोबाइलवर ४,३०० ला दाखवलाय. तुमचं त्याच्या जवळपास बसतंय का बघा."

एवढंच. 'कमी करा' म्हणायची गरजच पडत नाही. मोबाइलच्या भावाचा उपयोग म्हणते तो हा. मात्र तोच टायर, तोच नमुना असायला हवा. एका कंपनीचा साधा आणि दुसरीचा भारीतला, अशी तुलना केलीत तर ते हसतील आणि त्यांचं बरोबर असेल. त्यांचा आकडा ऑनलाइनच्या सगळ्या हिशोबापेक्षा हजार-बाराशेनं जास्त आला, तरी मी त्यांच्याकडूनच घेईन. चाक पंक्चर झालं, नट सैल वाटला, टायरला फुगा आला, तर तुम्ही त्यांच्याच दारात गाडी उभी करणार आहात. चार-पाच हजारांचा फरक आला तर मात्र दुसऱ्या दुकानात जा. मैत्री तेवढ्यानं तुटत नाही आणि तुटलीच तर ती तुमची नव्हती, ह्यांची होती.

ओळखीचा उपयोग सवलतीसाठी नका करू, दोन वेगळ्या गोष्टींसाठी करा. पहिली म्हणजे ताजा माल. चार-सहा महिन्यांच्या आतल्या तारखेचे चार टायर मागा. दुकानात नसतील तर कंपनीच्या वितरकाकडून मागवून द्यायला दोन-तीन दिवस लागतात. नीट ठेवलेला टायर वर्षभरात खराब होत नाही, हे खरं. पण पूर्ण पैसे देऊन वर्षाचा जुना का घ्यायचा? अनोळखी गिऱ्हाइकाला ज्या तारखा आधी खपवल्या जातात, त्या तुम्हाला नकोत. दुसरी गोष्ट म्हणजे महिन्याची उधारी.

कारण आकडा आता बघा. १५ हजार हातात आहेत आणि चार टायरचा खर्च १९-२० हजार. तीन घ्यायचे आणि २०२३ चा डावा ठेवायचा, असंही बसतं: साधारण साडेचौदा हजार. मी त्यावर बराच विचार केला. त्यात पुढच्या आसावर एक कोरा टायर आणि एक अर्धा झिजलेला, बहुतेक वेगळ्या नमुन्याचा, अशी जोडी होते. ब्रेक आणि वळण दोन्ही पुढच्या चाकांवर, तिथं विजोड जोडी, आणि रस्ता घाटाचा. शिवाय स्टेपनीही २०१८ ची. ती कधी रस्त्यावर आली नाही म्हणून नवी दिसते, पण वय तिलाही झालंय. उलट चार नवे घेतले तर २०२३ चा टायर स्टेपनीच्या रिमवर चढतो, आणि पाचही चाकांचा प्रश्न एकदम सुटतो. म्हणून माझं मत: चार घ्या. १५ आज, उरलेले पुढच्या पगाराला. हे दुकानदाराला आधीच सांगा, बिल झाल्यावर नको.

ज्या वाचकांना दोनच परवडतात, त्यांच्यासाठी: दोन नवे घेतले तर ते मागं टाका, गाडीचं इंजिन पुढचीच चाकं ओढत असलं तरी. दुकानात हटकून पुढं टाकायला सांगतात. पण ओल्या वळणावर मागची चाकं आधी सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं आपल्यासारख्यांच्या हातात नसतं. पुढची सुटली तर गाडी सरळ जायला बघते. वेग कमी केला की बहुधा ताब्यात येते.

बसवायच्या दिवशी

भाच्याला पाठवू का, असं विचारलंत. सोबत न्या हवं तर, पण जा तुम्हीच. 'बाई दिसली की फसवतात' हे सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण माझ्या पाहण्यात जास्त फसतात ते चावी देऊन चहाला जाणारे, आणि त्यांत पुरुष भरपूर. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसू नका. चाकाजवळ उभ्या राहा. सकाळी दुकान उघडतं त्या वेळी जा. शनिवारी संध्याकाळी किंवा गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्या पोरांना मान वर करायला फुरसत नसते.

टायर रिमवर चढण्यापूर्वी चारहींची तारीख स्वतः वाचा, आयएसआयची खूण बघा. बाजूला बाण असेल तर तो पुढं फिरण्याच्या दिशेनं हवा. 'आउटसाइड' छापलेलं असेल तर ती बाजू बाहेर. पोरगा रिमच्या कडेला साबणाचा फेस लावेल, मशीनवर टायर चढवेल, हवा भरताना दोनदा टक्क, टक्क असा आवाज येईल. दचकू नका, टायरची कड रिममध्ये बसल्याचा तो आवाज आहे. त्याआधी व्हॉल्व नवा घातलाय का, ते बघा. जुना रबरी व्हॉल्व तसाच ठेवला तर सहा महिन्यांनी रोज थोडी हवा जाते आणि आपण नव्या टायरला नावं ठेवतो.

मग बॅलन्सिंग. चाक मशीनवर फिरतं, पडद्यावर ग्रॅम दिसतात, तो रिमला छोटी वजनं लावतो. वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही आकडे शून्य आलेले दाखवायला सांगा. घाईत हे दुसरं फिरवणं टाळतात. नट आवळताना एक झाला की समोरचा, अशा क्रमानं, आणि शेवटी हातपान्यानं. नुसत्या हवेच्या गननं धडाधड आवळलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुमच्यानं सुटणार नाही.

अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी, नवे टायर लावून. त्याआधी पुढची चाकं हलवून सांध्यांत ढिलाई नाही ना, हे तपासून घ्या; बॉल जॉइंट गेलेला असेल तर अलाइनमेंट आठवडाभरही टिकत नाही. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मिळतात. तो कागद मागून घ्या आणि बिलासोबत ठेवा. बिल पक्कं, जीएसटीचं, त्यावर टायरचे नंबर लिहिलेले. टायरमध्ये मूळ दोष निघाला तर कंपनी तेच मागते. खड्ड्यानं आलेला कट किंवा फुगा साध्या वॉरंटीत धरत नाहीत, आणि गाडीला दुसरं काही न होता नुसता टायर फुटला तर साधा विमाही कामाचा नाही.

काय नको, तेही सांगते. 'मॅडम, १८५/७० टाका, ग्रिप वाढते' असं कुणीतरी म्हणेल. व्यास जवळपास सारखाच, जेमतेम पाच मिलिमीटरनं कमी, त्यामुळे बसतो. पण पैसे जास्त, स्टिअरिंग जड, ॲव्हरेज थोडं कमी. शाळेच्या रस्त्याला कंपनीचंच माप पुरे. नायट्रोजन फुकट असेल तर भरू द्या. विकत घ्यायचं कारण नाही, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. आणि कंपनीवरून घरात वाद होऊ देऊ नका. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, यांतला तुमच्या मापाचा साधा टायर कुठलाही चालेल. आमच्या घरी एकच कंपनी पिढीजात आहे, लग्नातल्या तांदळाच्या वाणासारखी. तिचे टायर वाईट नाहीत, पण हवा तपासायची सवय त्या घराण्यात कुणाला नव्हती, म्हणून तेही लवकरच गेले.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तोच भरायचा. टायरच्या बाजूवर छापलेला असतो तो जास्तीत जास्तचा असतो. दुकानात सगळ्या गाड्यांना एकच आकडा भरण्याची पद्धत आहे, तेव्हा निघण्याआधी तपासून घ्या. पुढं महिन्यातून एकदा सकाळी, टायर गार असताना, पंपावर स्टेपनीसकट. दर आठ-दहा हजार किलोमीटरनी पुढची चाकं मागं, मागची पुढं.

जुने टायर तिथंच सोडा, जे काही शे-दोनशे मिळतील ते बिलातून वजा करून घ्या. एखादा 'राहू दे, झोपाळ्याला होईल' म्हणून घरी आणू नका. पावसात त्यात पाणी साठून डास होतात आणि झोपाळा काही होत नाही.

आणि बसवले त्याच दिवशी माहेरी निघू नका. कोऱ्या टायरवर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो, तो उतरेपर्यंत पकड पूर्ण येत नाही. आठवडाभर शाळेच्याच रस्त्यावर दोनेकशे किलोमीटर होऊ देत, ब्रेक जरा आधीपासून दाबत. मधे एक दिवस दुकानावरून जाताना नट पुन्हा आवळून घ्या, त्याचे पैसे घेत नाहीत. मग चिपळूण.